‘सध्याचं वातावरण बघता’: आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यकारिणीस खुले पत्र

माननीय अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीतले सर्व सभासद,

सप्रेम नमस्कार.

गणेशोत्सवाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ‘अमेरिकेतले आपले घटनात्मक हक्क’ हे दीड तासाचं सत्र ठरलं होतं. इमिग्रेशनचं काम करणाऱ्या एक वकीलबाई मानधन न घेता येणार होत्या. ते सत्र तुम्ही रद्द केलंत. ‘सध्याचं वातावरण बघता आणि मंडळाचं अराजकीय स्वरूप लक्षात घेता’ एवढंच कारण मेलमध्ये होतं. वातावरण म्हणजे इमिग्रेशनची सध्याची कडक कारवाई. त्या वेळेत आता पैठणी फॅशन शो आहे, हे सुधारित कार्यक्रमपत्रिकेवरून कळलं. पैठणीशी माझं काही वैर नाही, मीही नेसूनच येणार आहे. पण तो शो तासभर पुढे ढकलून दोन्ही झालं असतं, आणि हे तुम्हालाही ठाऊक आहे.

पत्र जाहीर लिहायची वेळ आली, कारण खासगीत बोलून झालं. मेल पाठवल्या, फोन केले. प्रत्येकाने ‘तुझं बरोबर आहे गं, पण…’ असं म्हटलं आणि त्या ‘पण’च्या पुढे कोणी गेलं नाही. म्हणून हा विषय आता सगळ्या सभासदांसमोर मांडते आहे.

मी मंडळाची आजीव सभासद आहे आणि रविवारच्या मराठी शाळेत शिकवते. माझ्याकडे अमेरिकेचा पासपोर्ट आहे, त्यामुळे मला स्वतःला धास्ती कमी. माझ्या घरात मात्र सगळे एकाच कागदावर राहत नाहीत. सासूबाई ग्रीन कार्डवर, नणंदेचा मुलगा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, त्याची बायको-मुलगी त्याच्या कुटुंबाला मिळणाऱ्या एच-४वर आणि माझी भाची एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर. मंडळातलं कुठलंही घर घ्या, थोड्याफार फरकाने हेच चित्र दिसेल.

सासूबाईंचं आधी सांगते, कारण ते घडल्यावरच मी या सत्रासाठी तुमच्या मागे लागले. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे त्यांचा साताऱ्यातला मुक्काम सहा महिन्यांच्या पुढे गेला. परत येताना विमानतळावर त्यांना बाजूच्या खोलीत नेलं. १८० दिवसांहून जास्त बाहेर राहिलेल्या ग्रीन कार्डवाल्याला जास्तीचे प्रश्न विचारायचा अधिकार त्या अधिकाऱ्यांना आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण प्रश्न विचारून झाल्यावर त्यांच्यापुढे एक फॉर्म ठेवला गेला, आय-४०७. त्याचा अर्थ असा, की ‘मी माझं कायम वास्तव्य स्वखुशीने सोडते आहे’. हा अर्थ त्यांना कोणी सांगितला नाही. सही केली की लवकर मोकळ्या व्हाल, एवढं मात्र सांगितलं. सासूबाईंची सगळी नोकरी सहकारी बँकेत गेली. न वाचता सही करायची नाही, हे तिथे अंगात मुरलेलं. आणि वाचायचा चष्मा चेक-इन बॅगेत! ‘नो स्पेक्ट्स, नो साइन’ हे चार शब्द धरून त्या पदर सावरत बसून राहिल्या. आम्ही बाहेर कोमेजलेला गुच्छ घेऊन ताटकळत होतो. शेवटी त्यांना सोडलं.

हे हसत सांगता येतं, कारण त्यांनी सही केली नाही. ग्रीन कार्ड असलेल्या माणसाला हा फॉर्म नाकारता येतो आणि ‘मला इमिग्रेशन न्यायाधीशासमोर सुनावणी हवी’ असं म्हणता येतं. वास्तव्य सोडलंय हे तिथे सरकारला सिद्ध करावं लागतं. दर हिवाळ्यात पुण्या-नागपूरला जाऊन येणारे किती आई-बाबा आपल्या मंडळात आहेत? त्यांच्यापैकी कितीजणांना हे एक वाक्य माहीत आहे? सगळ्यांचाच चष्मा काही बॅगेत राहणार नाही.

आता मुद्द्यांवर येते.

पहिला मुद्दा ‘अराजकीय’चा. आपण ५०१(सी)(३), म्हणजे करसवलत मिळणारी सेवाभावी संस्था आहोत, ती सवलत जाईल, असं एका पदाधिकाऱ्यांनी मला फोनवर सांगितलं. हे चुकीचं आहे, आणि मंडळाचं करविवरणपत्र भरणाऱ्या सीपीएंना (हिशेबनिसांना) विचारलंत तर तेही हेच सांगतील. करकायद्याच्या १९५४ च्या दुरुस्तीने अशा संस्थांना निवडणुकीत एखाद्या उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात उतरायला मनाई केली. लॉबिंगवरही मर्यादा आहे. पण लोकांना कायद्याची माहिती देणं हे शिक्षण आहे आणि या संस्थांना करसवलत मिळते ती अशाच कामांसाठी. वकीलबाई कोणाला मत द्या हे सांगणार नव्हत्या. दारावरची बेल वाजली तर काय करायचं, हे सांगणार होत्या. उलट गेल्या वर्षी आपल्या दिवाळीच्या कार्यक्रमात एक स्थानिक उमेदवार स्टेजवर येऊन शाल-श्रीफळ घेऊन गेले, त्याचीच काळजी मंडळाने आधी करायला हवी होती. ते तेव्हा कोणाला राजकारण वाटलं नाही.

आणि निमित्त गणेशोत्सवाचं आहे म्हणून सांगते. १८९३ मध्ये लोकमान्यांनी या उत्सवाला सार्वजनिक रूप दिलं, ते आरतीला गर्दी कमी पडत होती म्हणून नव्हे. मंडपात व्याख्यानं होत, मेळ्यांची पदं होत आणि सरकारी माणसं ती टिपून घेत. आरास, लेझीम, ढोल-ताशा हे सगळं आपण इथे आणलं. व्याख्यान तेवढं कस्टममध्ये अडकलं!

दुसरा मुद्दा मला जास्त बोचतो. ‘हे सगळं बेकायदा आलेल्यांसाठी आहे, आपले लोक लीगल आहेत.’ हे वाक्य मी मंडळात इतक्यांदा ऐकलं आहे, की त्याचं उत्तर जरा सविस्तर देते.

२०२५ च्या वसंत ऋतूत सरकारने सुमारे १३ लाख परदेशी विद्यार्थ्यांची नावं गुन्ह्यांच्या संगणकीय नोंदींशी ताडून पाहिली. सुमारे ६,४०० नावं जुळली आणि ४,७०० हून अधिक विद्यार्थ्यांची सेव्हिस, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी यादीतली, नोंद रद्द झाली. नाव जुळलं म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असं नव्हे. त्यात केवळ वाहतुकीचा दंड झालेले होते आणि ज्यांच्यावरचे आरोप कधीच काढून टाकले गेले होते असेही होते. बहुतेकांना ना आधी नोटीस, ना बाजू मांडायची संधी. मिशिगनपासून जॉर्जियापर्यंत विद्यार्थी कोर्टात गेले, त्यांत भारतीय मुलं भरपूर होती. न्यायाधीशांनी एकामागून एक तात्पुरते मनाई आदेश दिले आणि २५ एप्रिलला सरकारने नोंदी पूर्ववत करत असल्याचं कोर्टात सांगितलं. ही सगळी मुलं व्हिसा घेऊन, फी भरून, रांगेत उभी राहून आलेली होती. म्हणजे तुमच्या भाषेत ‘लीगल’च.

त्याच आठवड्यांत आपल्या मंडळाच्या विद्यार्थी-गटावर एका मुलीने विचारलं होतं, ‘कोणाच्या ओळखीचे वकील आहेत का? मी उद्या लॅबमध्ये जाऊ की नको?’ ॲडमिननी तो मेसेज काढून टाकला आणि खाली लिहिलं, ‘हा ग्रुप फक्त सांस्कृतिक उपक्रमांसाठी आहे.’ त्याखाली कोणीतरी अंगठा दाखवला. ती मुलगी दर वर्षी आपल्या ढोल पथकात असते.

एच-१बीवाल्यांना वाटतं, की ही विद्यार्थ्यांची कटकट आहे. २० जानेवारी २०२५ चा जन्मसिद्ध नागरिकत्वाबद्दलचा अध्यक्षीय आदेश वाचून पाहा. आई कायदेशीर पण तात्पुरत्या व्हिसावर आणि वडील ना नागरिक, ना ग्रीन कार्डधारक, तर त्यांच्या बाळाला नागरिकत्व नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. म्हणजे एच-१बी, एच-४ आणि एफ-१ अशी सगळी घरं त्यात आली. कोर्टांनी तो रोखला. जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभर लागू होणाऱ्या मनाई आदेशांवर मर्यादा आणली, मग न्यू हॅम्पशायरच्या न्यायालयाने सगळ्या बाळांचा एक वर्ग मानून तो पुन्हा रोखला आणि डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण सुनावणीला घेतलं. आपल्या मासिक अंकात ‘नवे पाहुणे’ म्हणून बारशांचे फोटो छापता ना? त्यांतल्या बऱ्याच बाळांचे आई-बाबा ही बातमी वाचून रात्र रात्र जागले आहेत. मंडळाने त्यांचं अभिनंदन केलं, पण त्यांना माहिती दिली नाही.

आणखी एक, फारसं कोणाला माहीत नसलेलं. एच-४वरच्या मुलाला इथे चौदावं वर्ष लागलं म्हणजे नव्हे, चौदावा वाढदिवस झाला, की ३० दिवसांत पुन्हा नोंदणी करून बोटांचे ठसे द्यावे लागतात. कायदा जुना आहे, पण एप्रिल २०२५ पासून सरकारने तो कडकपणे लागू करायचं ठरवलं. अठरा वर्षांवरच्या प्रत्येक परदेशी माणसाने नोंदणीचा पुरावा, म्हणजे ग्रीन कार्ड, आय-९४ (देशात आल्याची नोंद) किंवा वर्क परमिट, सतत जवळ बाळगायचा असतो. घर बदललं की १० दिवसांत नवा पत्ता कळवायचा एआर-११ फॉर्म. हे हक्क नाहीत, ही कर्तव्यं आहेत, आणि त्या सत्रात तीही सांगितली जाणार होती. हे सत्र म्हणजे ‘चिथावणी’ असा कोणाला संशय असेल, तर तो निदान त्याने तरी फिटावा.

फोनचं सांगते. कोणाला अटक झाली तरी त्याच्या फोनमध्ये डोकवायला पोलिसांना वॉरंट लागतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये रायली खटल्यात एकमताने सांगितलं. विमानतळावर मात्र सीमेचा अपवाद लागतो आणि तिथे वॉरंट लागतं की नाही यावर निरनिराळ्या न्यायालयांचं निरनिराळं मत आहे. २०२४ या आर्थिक वर्षात सीमेवर ४७ हजारांच्या वर उपकरणं तपासली गेली. एकूण प्रवाशांच्या मानाने हा आकडा चिमूटभर आहे, उगाच घाबरवायचं नाही मला. पण पासवर्ड नाकारला तर परिणाम माणसागणिक बदलतात. नागरिकाला देशात येण्यापासून अडवता येत नाही, फोन मात्र ठेवून घेता येतो. ग्रीन कार्डवाल्याचंही बव्हंशी तसंच. व्हिसावाल्याला परतही पाठवू शकतात. एकाच रांगेत उभ्या असलेल्या एकाच कुटुंबातल्या तिघांना तीन नियम! हे व्हॉट्सॲपवरच्या फॉरवर्डमधून कसं कळणार? फॉरवर्डमध्ये तर ‘फोन फॉरमॅट करून न्या’ असं येतं, आणि नवाकोरा रिकामा फोन बघून उलट संशय वाढतो.

बोलण्या-लिहिण्याचंही तेच. जून २०२५ पासून विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांना आणि त्याच डिसेंबरपासून एच-१बी, एच-४च्या अर्जदारांनाही समाजमाध्यमांवरची खाती सर्वांना दिसतील अशी ठेवायला सांगितलं आहे. दुसरीकडे, इथे राहणाऱ्या परदेशी माणसालाही भाषणस्वातंत्र्य आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९४५ मध्येच म्हटलं होतं आणि सप्टेंबर २०२५ मध्ये बॉस्टनच्या संघीय न्यायाधीशांनी ते पुन्हा ठणकावून सांगितलं. प्रत्यक्षात कोणी काय लिहावं हा ज्याच्या-त्याच्या हिशेबाचा प्रश्न आहे. माझ्या भाचीने तिची खाती बंद केली. मी तिला ‘करू नकोस’ म्हणू शकले नाही. पण नीट माहिती घेऊन बंद करणं वेगळं आणि भीतीने बंद करणं वेगळं.

रस्त्यावरचं आणि दारावरचं थोडक्यात. सप्टेंबर २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या प्रकरणात नुसतं दिसणं, भाषा अशा कारणांवरून लोकांना थांबवायला इमिग्रेशन अधिकाऱ्यांना खालच्या कोर्टाने केलेली मनाई सर्वोच्च न्यायालयाने उठवली. तेव्हा न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी स्वतंत्र मतात लिहिलं, की नुसत्या वांशिक दिसण्यावरून कोणाला थांबवता येत नाही, पण इतर गोष्टींच्या जोडीला ते विचारात घेता येतं. आपलं दिसणं आपण घरी ठेवून निघू शकत नाही. दारावर इमिग्रेशनचे अधिकारी आले, तर दार उघडायच्या आधी वॉरंटचा कागद खिडकीतून दाखवायला किंवा दाराखालून सरकवायला सांगता येतं. त्यावर कोर्टाचं नाव आणि न्यायाधीशाची सही आहे का, नाव-पत्ता बरोबर आहे का, हे बघायचं. आय-२०० किंवा आय-२०५ असं लिहिलेला कागद इमिग्रेशन खात्याच्याच अधिकाऱ्याने सही केलेला असतो. तेवढ्यावर, तुमच्या संमतीशिवाय, घरात शिरता येत नाही, हा अमेरिकी राज्यघटनेच्या चौथ्या दुरुस्तीचा रूढ अर्थ आहे. अलीकडे हद्दपारीचा अंतिम आदेश असलेल्यांच्या बाबतीत सरकारने वेगळा दावा केला आणि तो वाद कोर्टात गेला आहे. गप्प बसायचा हक्क आहे, खोटं बोलायचा नाही. संघीय अधिकाऱ्याशी खोटं बोलणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. आणि सिनेमात ऐकतो तसा सरकारी खर्चाचा वकील इमिग्रेशन कोर्टात मिळत नाही. वकील करायचा हक्क आहे, पैसे आपले. म्हणून ओळखीच्या वकिलाचा नंबर आधीच पाठ हवा.

हे सगळे हक्क नागरिक नसलेल्यांना लागू होतात का, असं तुमच्यातल्या एकांनी विचारलं. त्याचं उत्तर १८८६ सालचं आहे आणि ते एका धोब्यामुळे मिळालं आहे. सॅन फ्रान्सिस्कोत लाकडी इमारतीत लाँड्री चालवायला परवाना लागेल असा नियम झाला. सुमारे २०० चिनी लोकांचे अर्ज फेटाळले गेले आणि चिनी नसलेल्या ऐंशीएक जणांचे, एखादा अपवाद वगळता, मंजूर झाले. यिक वो या लाँड्रीच्या मालकाने दंड भरायचं नाकारलं आणि तो तुरुंगात गेला. राज्यघटनेच्या चौदाव्या दुरुस्तीचं, म्हणजे कायद्याच्या समान वागणुकीचं, संरक्षण केवळ नागरिकांपुरतं नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या खटल्यात सांगितलं. १८९८ मध्ये वाँग किम आर्क जिंकला. तो सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला स्वयंपाकी, चीनहून परतताना बंदरावर अडवला गेलेला. इथे जन्मलेल्या आपल्या मुलांचं नागरिकत्व सव्वाशे वर्षं या निकालावर उभं आहे.

यिक वोचा वकील कोणी लावला? धोब्यांच्या संघाने. वाँग किम आर्कच्या पाठीशी कोण होतं? ‘सिक्स कंपनीज’ या नावाने ओळखला जाणारा चिनी लोकांचा संघ, म्हणजे त्यांचं मंडळच. तीही माणसं सण करत, वर्गणी काढत आणि आपसात भांडत असणार. ती कायम जिंकली असंही नाही. १८९२ च्या गीअरी कायद्याने प्रत्येक चिनी मजुराला ओळखपत्र बाळगायची सक्ती केली, तेव्हा याच संघाने ‘नोंदणी करू नका’ असा सल्ला दिला आणि १८९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरला. त्या सल्ल्याचा लोकांना त्रासच झाला असणार. पण ‘वातावरण’ बघून ते गप्प बसले नाहीत. आणि त्या काळाचं वातावरण आजच्यापेक्षा कितीतरी वाईट होतं.

आपल्या बाजूचा इतिहासही मंडळाने एकदा सांगायला हवा. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड खटल्यात हिंदी, म्हणजे भारतीय, माणूस कायद्याच्या अर्थाने ‘गोरा’ नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही, असा निकाल लागला. थिंड यांच्या बाजूने केलेला युक्तिवाद आज वाचवत नाही. उच्च जातीचा, म्हणून आर्य, म्हणून गोरा! ज्यांना वगळलंय त्यांच्यापासून स्वतःला वेगळं काढून सुटायचा तो प्रयत्न होता आणि तो फसला. ‘आपण लीगल आहोत’ हे वाक्य ऐकलं की मला नेहमी तोच युक्तिवाद आठवतो. त्या निकालानंतर आधीच नागरिक झालेल्या हिंदी लोकांचीही नागरिकत्वं सरकार काढून घेऊ लागलं. वैष्णोदास बगाई या सॅन फ्रान्सिस्कोच्या व्यापाऱ्याने त्यातून १९२८ मध्ये जीव दिला. थिंड यांचे वकील सखाराम गणेश पंडित यांच्यावरही तीच कारवाई झाली, पण ते स्वतःसाठी लढले. १९२६ मध्ये अपिलात जिंकले, सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथे पुढच्या वर्षी प्रकरण दाखलच करून घेतलं नाही आणि उरलेल्या हिंदी लोकांवरची प्रकरणं सरकारने सोडून दिली. आपल्याला नागरिकत्वाचं दार १९४६ मध्ये उघडलं, तेही वर्षाला शंभर माणसांच्या कोट्यासह. पंडितांचं नाव आपल्या एकाही स्मरणिकेत मी वाचलेलं नाही. एप्रिलमध्ये आंबेडकर जयंतीला मुलांकडून राज्यघटनेची उद्देशिका आपण पाठ म्हणवून घेतली, ती छानच झाली. बाबासाहेब न्यूयॉर्कलाच कोलंबियात शिकले आणि आपल्या कलम १४ मधलं ‘कायद्याचे समान संरक्षण’ इथल्या चौदाव्या दुरुस्तीतून तिकडे गेलं, हेही त्याच कार्यक्रमात सांगता आलं असतं.

तिसरा मुद्दा मंडळाच्या स्वतःच्या कारभाराचा. विद्यार्थी सवलतीसाठी आपण आय-२०ची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्याला कॉलेजकडून मिळणाऱ्या प्रवेशाच्या कागदाची, प्रत मागतो. ती सामायिक ड्राइव्हवर राहते आणि तिथे जुन्या कार्यकारिणीतल्यांनाही अजून शिरता येतं. मी स्वतः मागच्या महिन्यात शाळेची हजेरी शोधताना त्या फोल्डरमध्ये पोचले. नाव, जन्मतारीख, पत्ता, सेव्हिस क्रमांक, सगळं उघडं. कॉलेजचं ओळखपत्र दारावर बघून सवलत देता येत नाही का? १९५६ मध्ये अलाबामा राज्याने कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपीकडे सभासदांची यादी मागितली. त्यांनी ती दिली नाही, एक लाख डॉलरचा दंड झाला तरी दिली नाही, आणि १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्यांची बाजू उचलून धरली. आपण मात्र कोणी न मागताच यादी उघडी ठेवली आहे.

शिवाय, शाळा आणि प्रार्थनास्थळं अशा जागी इमिग्रेशनची कारवाई शक्यतो टाळायचं जुनं धोरण जानेवारी २०२५ मध्ये रद्द झालं. आपले कार्यक्रम शाळांच्या आणि देवळांच्या हॉलमध्येच होतात. आगीसाठी आपल्याकडे बाहेर पडायचा नकाशा आहे, विमा आहे, फर्स्ट एडची पेटी आहे. कोणी अधिकारी दारात आला तर त्याच्याशी कोण बोलणार, हे मात्र कोणालाच ठाऊक नाही. दोन वर्षांपूर्वी ढोलाच्या आवाजावरून पोलीस आले होते, तेव्हा सगळे एकमेकांकडे बघत राहिले होते.

चौथा मुद्दा छोटा आहे. हा निर्णय कोणत्या बैठकीत झाला? इतिवृत्त मागितलं, तर ‘व्हॉट्सॲपवर ठरलं’ असं उत्तर आलं. मंडळाच्या घटनेत व्हॉट्सॲपची बैठक नाही.

माझ्या मागण्या अशा:

एक, सत्र पुन्हा लावा. गणेशोत्सवात नको असेल तर नको, पण दिवाळीच्या आत लावा. विषय, वेळ आणि वकीलबाईंचं नाव मंडळाच्या मेलमधून सगळ्या सभासदांना जाऊ द्या. एखाद्या विद्यार्थ्याला किंवा पालकाला ओळख न सांगता प्रश्न विचारायचा असेल, तर चिठ्ठ्यांची पेटी ठेवा. चित्रीकरण आणि फोटो नकोत.

दोन, पाकिटात मावेल असं मराठी-इंग्रजी कार्ड छापा. एका बाजूला मराठीत काय करायचं ते, दुसऱ्या बाजूला अधिकाऱ्याला दाखवायचं इंग्रजी वाक्य. आय-४०७ चं नाव त्यावर ठळक हवं. अटक झालेल्या परदेशी माणसाला आपल्या दूतावासाला कळवा असं सांगता येतं, हेही हवं. मजकूर वकीलबाई तपासून देतील. मोठ्या अक्षरात छापा, चष्म्याशिवाय वाचता यायला हवं.

तीन, आय-२०च्या प्रती आत्ताच, कोणीही काही मागितलेलं नसताना, काढून टाका आणि पुढे मागू नका. ड्राइव्हवरची जुनी नावं काढा. कधी कोर्टाचा कागद आलाच, तर त्यानंतर काहीही पुसायचं नाही, वकिलाला फोन करायचा, हे लेखी ठरवा.

चार, प्रत्येक कार्यक्रमाला दोन माणसं नेमा. कोणी अधिकारी आल्यास तेच बोलतील. अडथळा आणायचा नाही, कोणाला लपवायचं नाही, कागद बघायचा, नाव आणि बिल्ला क्रमांक टिपून घ्यायचा.

पाच, विद्यार्थी-गटावरच्या त्या मुलीला अध्यक्षांनी स्वतः फोन करावा. तिची नोंद पूर्ववत झाली आहे, ती ठीक आहे. तरीही करावा.

तुमच्यातल्या काहींची अडचण मला समजते. कोणाची ग्रीन कार्डची फाइल वर्षानुवर्षं रांगेत आहे आणि कशावरच नाव यायला नको वाटतं. त्यांनी स्टेजवर येऊ नये, फलकावर सही करू नये. ज्यांच्याकडे अमेरिकेचे पासपोर्ट आहेत असे आपण निम्मे तरी असू. पुढे उभं राहायचं काम आपलं आहे. निवेदन मी करते, कार्यक्रमपत्रिकेवर आयोजक म्हणून माझं नाव घाला.

नोव्हेंबरच्या सर्वसाधारण सभेत या पाच मागण्या मी ठराव म्हणून मांडणार आहे. सूचक मी आहे, अनुमोदकही मिळाले आहेत आणि ठरावाची प्रत या पत्रासोबत सचिवांना पाठवली आहे. तोवर सत्र लागलं, तर पहिली मागणी मी मागे घेईन. वकीलबाईंचा होकार कायम आहे आणि हॉलचं भाडं आम्ही काही सभासद मिळून भरू. तारीख मात्र महिन्याभरात कळवा, त्यांची कोर्टाची कामं आधीपासून लागलेली असतात.

आपली,
एक आजीव सभासद आणि मराठी शाळेतली शिक्षिका
न्यू जर्सी